चौफेर चित्रातून फिरताना

कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसले की विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर मागे टाकून अंबरनाथ स्टेशन येते. स्टेशनच्या पूर्वेला, वालधुनी नदीच्या काठी, ठाण्याच्या शिलाहार राजांच्या काळात बांधलेले शिवमंदिर आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ दिलेला आहे. मंदिराचे मुख्य दार पश्चिमेकडे असून सभामंडपाला उत्तरेकडून आणि दक्षिणेकडूनही दारे आहेत. गाभारा मात्र जमिनीच्या पातळीवर नाही. सुमारे वीस पायऱ्या उतरून खाली जावे लागते. गाभाऱ्यावरचे शिखर आज पूर्ण नाही. त्यामुळे वरून आकाशाचा उजेड खाली येतो.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीचे गुडघे दुखतात. ती दर महाशिवरात्रीला मंदिरात जाते आणि पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी उभी राहून हात जोडून परत येते. गाभारा तिने बऱ्याच वर्षांत पाहिलेला नाही. म्हणून त्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी रीतसर परवानगी काढून मंदिराची चौफेर छायाचित्रे घेतली आणि मोबाइलच्या पडद्यावर बोटाने फिरवून पाहता येतील अशी एक छोटी आज्ञावली लिहिली. मोठ्या उत्साहाने ती आजीच्या हाती दिली. आजीने अर्ध्या मिनिटात मोबाइल खाली ठेवला.

"अरे, मला गरगरतंय. आणि मी कुठं उभी आहे तेच कळत नाही."

"आजी, बोट हळू फिरव ना."

"हळूच फिरवते आहे. तुझं देऊळच पळतंय!"

मुले हिरमुसली. छायाचित्रे उत्तम होती, जोडही बेमालूम होते. मग चुकले काय? विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला प्रकाशशास्त्र, त्रिकोणमिती, जडत्व आणि थोडे कानाचे शास्त्रही लागणार आहे.

चौफेर चित्राचा पूर्वेतिहास

आपल्याभोवतीचे सगळे दृश्य एकाच चित्रात आणण्याची हौस जुनी आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली अशा चित्राचे पेटंट घेतले. पुढे १७९३ साली लंडनमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उघडली गेली. प्रेक्षक अंधाऱ्या वाटेने मधल्या चौथऱ्यावर येई आणि भोवतालच्या भिंतीवरचे चित्र मान वळवून पाही. अशा चित्रांनाच पॅनोरामा हे नाव पडले.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आपल्या कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर दाखवू लागले. त्या खेळाचे नाव 'शांबरिक खरोलिका'. या दोन्ही करमणुकींत एक महत्त्वाचा फरक होता. खरोलिकेत प्रेक्षकाने काय पाहायचे आणि केव्हा, हे खेळ करणारा ठरवी. पॅनोरामात ते प्रेक्षक स्वतः ठरवी. त्याची मान हेच त्याचे सुकाणू होते, आणि ते कसे वापरावे हे कोणाला शिकवावे लागत नव्हते.

संगणकाच्या पडद्यावर हे सुकाणू नव्याने तयार करावे लागले. १९७८ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत ॲस्पेन या गावातून पडद्यावर फिरता येईल असा चित्रनकाशा तयार झाला. १९९५ साली ॲपल कंपनीने साध्या घरगुती संगणकावर चौफेर चित्र फिरवण्याची सोय आणली. गूगलचे 'स्ट्रीट व्ह्यू' २००७ साली अमेरिकेतील पाच शहरांत सुरू झाले. भारतात ते २०२२ साली दहा शहरांत आले, आणि त्यांत मुंबई, पुणे व नाशिक ही शहरे होती. या सर्वांपुढे प्रश्न एकच होता. मान वळवण्याचे काम बोटाने कसे करवून घ्यायचे?

चित्र कसे घेतात?

जमिनीवर खडूने घड्याळाची तबकडी काढली आहे आणि तुम्ही तिच्या मध्यभागी उभे आहात अशी कल्पना करा. मोबाइल उभा धरला तर त्याच्या नेहमीच्या भिंगातून आडव्या दिशेने सुमारे ५० अंश आणि उभ्या दिशेने सुमारे ६९ अंश दृश्य मिळते. घड्याळाच्या प्रत्येक आकड्याकडे तोंड करून एक छायाचित्र घेतले, म्हणजे दर ३० अंशांना एक, तर १२ छायाचित्रांत फेरी पूर्ण होते. लगतच्या दोन छायाचित्रांत २० अंशांचा भाग समान येतो. त्याच समान भागावरून संगणक जोड लावतो.

परंतु एवढ्याने फक्त डोळ्यांच्या पातळीचा पट्टा मिळाला. मोबाइल ४५ अंश वर कलता धरून एक फेरी, तितकाच खाली धरून दुसरी फेरी, शिवाय एक छायाचित्र नेमके माथ्यावरचे आणि एक पायाखालचे घ्यावे लागते. अशी एकूण ३८ छायाचित्रे झाली म्हणजे संपूर्ण गोल भरतो.

येथे एक काळजी घ्यावी लागते. डोळ्यांसमोर अंगठा धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकतो. पाहण्याची जागा बदलली की जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या मानाने सरकलेली दिसते. यालाच पराशय म्हणतात. आता तुम्ही मोबाइल अंगापासून ४० सेंटिमीटरवर धरून स्वतःभोवती ३० अंश वळलात, तर भिंग सुमारे २१ सेंटिमीटर सरकते. एवढ्या सरकण्याने १ मीटरवरचा खांब १२ अंशांच्या आसपास हलू शकतो, तर १० मीटरवरची भिंत एका अंशापेक्षा किंचितच जास्त हलते. मग खांब जुळवावा तर भिंत तुटते आणि भिंत जुळवावी तर खांब दुभंगतो. अंबरनाथसारख्या खांबांनी भरलेल्या सभामंडपात हे लगेच दिसून येईल. म्हणून आपण मोबाइलभोवती फिरावे, मोबाइलला आपल्याभोवती फिरवू नये. तिपाई असल्यास उत्तम. मात्र संरक्षित स्मारकात तिपाई लावण्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हे विसरू नये.

गोल सपाट कसा होतो?

सगळी छायाचित्रे जोडली की आपल्याभोवती एक काल्पनिक गोल तयार होतो. आपण त्याच्या आत, केंद्राशी आहोत. हा गोल साठवून ठेवण्यासाठी जगाच्या नकाशाप्रमाणे उलगडतात. आडव्या दिशेने ३६० अंश आणि उभ्या दिशेने १८० अंश, म्हणजे चित्राची लांबी रुंदीच्या दुप्पट. लांबी ७२०० बिंदू आणि रुंदी ३६०० बिंदू ठेवली तर प्रत्येक अंशाला २० बिंदू येतात.

जगाच्या नकाशावर ग्रीनलंड जसे अवाच्या सवा मोठे दिसते, तसेच येथेही घडते. क्षितिजापासून ६० अंश उंचीवरची वस्तू आडव्या दिशेने दुप्पट ताणली जाते, कारण ६० अंशांची कोसाइन अर्धा आहे. नेमका माथ्यावरचा एकच बिंदू तर चित्राच्या वरच्या कडेवर ७२०० बिंदूंइतका पसरतो. म्हणून हे उलगडलेले चित्र पाहणाऱ्याला कधीच तसेच्या तसे दाखवत नाहीत. त्यातला जेवढा तुकडा डोळ्यांसमोर हवा तेवढा पुन्हा गोलावर चढवून एका चौकटीतून दाखवतात.

चौकट किती मोठी?

मोबाइल आडवा धरला तर त्याचा पडदा सुमारे १५ सेंटिमीटर रुंद आणि ७ सेंटिमीटर उंच असतो, असे धरू. डोळ्यांपासून तो ३० सेंटिमीटरवर आहे. तो जर खरोखरीची खिडकी असता तर त्यातून किती रुंद दृश्य दिसले असते? पडद्याची निम्मी रुंदी ७.५ सेंटिमीटर, अंतर ३० सेंटिमीटर. ज्या कोनाचा टॅन ०.२५ आहे तो कोन १४ अंश. त्याची दुप्पट म्हणजे २८ अंश.

२८ अंशांत सभामंडप पाहणे म्हणजे दाराच्या फटीतून घर पाहणे होय. म्हणून चौकटीत जास्त दृश्य कोंबावे लागते. ते ९० अंश घेतले, तर चित्र नैसर्गिक दिसण्यासाठी पडदा डोळ्यांपासून फक्त ७.५ सेंटिमीटरवर धरावा लागेल, कारण ४५ अंशांचा टॅन १ आहे. या अंतराला आपण 'योग्य अंतर' म्हणू. पुढच्या सगळ्या हिशेबात ते उपयोगी पडणार आहे.

आपण पडदा योग्य अंतरावर धरत नाही, म्हणून कडेच्या वस्तू ओढलेल्या दिसतात. मध्यापासून ३० अंशांवर हा ताण सुमारे १.३ पट, ४५ अंशांवर दुप्पट आणि ६० अंशांवर चौपट होतो. ६० अंशांच्या चौकटीत कोंडल्यासारखे वाटते आणि १२० अंशांच्या चौकटीत कडेचे खांब रबरासारखे ताणतात. ६० ते ९० अंशांच्या दरम्यानची चौकट सोयीची पडते ती यामुळे.

पहिली चूक: देऊळ पळते का?

आता आजीच्या तक्रारीकडे वळू. मुलांनी आज्ञावलीत असा नियम लिहिला होता की, बोट १ सेंटिमीटर सरकले की दृश्य १५ अंश फिरेल. हा आकडा कोठून आला? असाच, अंदाजाने!

समजा, आजीने नंदीवर बोट ठेवले आणि ते उजवीकडे नेले. तिची अपेक्षा काय? नंदी बोटाखालीच राहावा. परातीतले पीठ बोटाने सरकवले तर ते बोटाखालीच असते, तसे. ९० अंशांच्या चौकटीचे योग्य अंतर ७.५ सेंटिमीटर. मग पडद्याच्या मध्यावर १ सेंटिमीटर म्हणजे किती अंश? १ भागिले ७.५ एवढा टॅन असलेला कोन ७.६ अंशांचा आहे. मुलांचे देऊळ त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पळत होते. आजीचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

पडद्याच्या कडेला हिशेब आणखी बदलतो. तेथे शेवटच्या एका सेंटिमीटरात फक्त ४.१ अंश मावतात, कारण चित्र तेथे ताणलेले असते. म्हणून एकच ठरीव आकडा कधीच पुरा पडत नाही. बोट जेथे टेकले तेथील कोन आणि जेथे पोहोचले तेथील कोन, हे दोन्ही टॅनवरून काढून त्यांच्या फरकाएवढे दृश्य फिरवले पाहिजे.

शिल्प जवळून पाहण्यासाठी चौकट ३० अंशांची केली तर योग्य अंतर २८ सेंटिमीटर होते, आणि १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे २ अंशच. जुनाच आकडा ठेवला तर बोटाच्या जराशा हालचालीने शिल्प पडद्याबाहेर जाईल. म्हणून चित्र जितके मोठे करावे तितके फिरणे मंद झाले पाहिजे.

दुसरी चूक: डावे की उजवे?

ठाण्याहून कल्याणकडे निघालेल्या गाडीत खिडकीशी बसा. गाडी पुढे जाते आणि विजेचे खांब मागे जातात. मान उजवीकडे वळवली की दृश्यही असेच डावीकडे सरकते. मुलांनी विचार केला की, उजवीकडे बोट नेणे म्हणजे उजवीकडे पाहणे, तेव्हा चित्र डावीकडे सरकले पाहिजे. तर्क बिनचूक, पण जागा चुकीची.

संगणकाच्या कळफलकावरील उजव्या बाणाची कळ दाबली तर हाच नियम योग्य आहे, कारण तेथे आपण दिशा सांगतो. परंतु पडद्यावर बोट टेकवतो तेव्हा आपण दिशा सांगत नाही, तर दगड धरतो. धरलेला दगड हाताबरोबरच यायला हवा. म्हणून बोटाला एक नियम आणि कळीला त्याच्या उलट नियम. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत.

तिसरी चूक: थांबता थांबेना

पंख्याचे बटण बंद केले तरी पाती काही वेळ फिरत राहतात. बोट उचलल्यावर चित्रही थोडे पुढे सरकून थांबले तर बरे वाटते, कारण खऱ्या जड वस्तू अशाच थांबतात. त्यासाठी दर क्षणाला वेग त्याच प्रमाणात घटवत नेतात. ज्या काळात वेग सुमारे ३७ टक्क्यांवर येतो त्याला 'क्षयकाल' म्हणू. बोट उचलल्यानंतर चित्र एकूण किती फिरेल? उचलतानाचा वेग गुणिले क्षयकाल, एवढे सोपे सूत्र आहे.

मुलांनी क्षयकाल २ सेकंद ठेवला होता. आजीचे बोट सेकंदाला ६० अंश या वेगाने निघाले, तर चित्र आणखी १२० अंश फिरणार, म्हणजे तृतीयांश फेरी! क्षयकाल ०.३ सेकंद केला तर ते १८ अंश फिरून थांबते. आणि फिरणाऱ्या चित्रावर बोट पुन्हा टेकवले तर ते तत्क्षणी थांबले पाहिजे. कुंभाराच्या चाकावर हात ठेवल्यासारखे.

याच्या जोडीला उशिराचाही विचार करावा लागतो. सेकंदाला ९० अंश वेगाने बोट फिरत असताना पडदा ०.१ सेकंद मागे राहिला, तर चित्र ९ अंश मागे पडते. दगड बोटाखालून निसटतो. म्हणून चित्र भारी करण्याच्या हौसेपायी त्याचे आकारमान इतके वाढवू नये की साध्या मोबाइलला ते पेलवणार नाही.

गरगरण्याचे कारण

आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रवामुळे डोके वळल्याची खबर मेंदूला मिळते. पडद्यावरचे देऊळ गरगर फिरते तेव्हा डोळे सांगतात 'आपण फिरतो आहोत', आणि कान सांगतो 'आपण स्थिर आहोत'. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की अनेकांना मळमळते. हालचाल आपल्या हातात असेल, ती मंद असेल आणि क्षितिज आडवेच राहत असेल तर त्रास कमी होतो. म्हणून चित्र डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरू द्यावे, पण कधीही तिरके कलू देऊ नये. तसेच चित्र आपोआप फिरत ठेवण्याची शोभाही टाळावी.

चौथी चूक: हरवलेले आकाश

मुलांनी वर पाहण्याची मर्यादा ४५ अंश ठेवली होती, कारण माथ्यावरचे जोड त्यांना नीट साधले नव्हते. ९० अंशांच्या आडव्या चौकटीत उभ्या दिशेने ५० अंश मावतात, म्हणजे मध्यापासून वर २५ अंश. नजर ४५ अंशांवर अडली की पडद्याच्या वरच्या कडेला ७० अंशांपर्यंतचेच दिसते. उरलेले २० अंश झाकलेलेच! साध्या खोलीत एवढ्याने छत दिसले नाही म्हणून काही बिघडत नाही. पण या गाभाऱ्यात उजेड येतो तो वरूनच. तेच नेमके गाळले गेले होते.

मर्यादा हवी ती ९० अंशांवर. त्याच्या पलीकडे जाऊ दिले तर दृश्य उलटे होते. डोके मागे टाकून आपणही माथ्यापर्यंतच पाहतो. माथ्याजवळ आडवे बोट फिरवले की चित्र भोवऱ्यासारखे फिरू लागते. ६० अंश उंचीवरची वस्तू बोटाखाली ठेवायची तर दृश्य दुप्पट कोनातून फिरवावे लागते, आणि अगदी माथ्याशी हा आकडा अनंताकडे जातो. म्हणून तेथे बोटाखाली दगड राहावा हा नियम सैल करून फिरण्याचा वेग बांधून ठेवतात.

पाचवी चूक: मी कुठे उभी आहे?

एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्यासाठी जमिनीवर बाणाची खूण ठेवतात. ती कोठे ठेवावी याचाही हिशेब आहे. कॅमेरा जमिनीपासून १.५ मीटर उंच होता. समोर पाहताना चौकटीत क्षितिजाखालचे २५ अंश दिसतात. तेव्हा ३.२ मीटरपेक्षा जवळची जमीन पडद्यावर येतच नाही. २ मीटरवर ठेवलेली खूण ३७ अंश खाली असेल आणि कोणालाच सापडणार नाही. ५ मीटरवरची खूण १७ अंश खाली, म्हणजे सहज नजरेत येईल. शिवाय बोटाला सुमारे १ सेंटिमीटर जागा लागते, म्हणजे पडद्याच्या मध्याशी ७.६ अंश. दोन खुणा त्याहून जवळ असतील तर एकीऐवजी दुसरीच दाबली जाईल.

आजीने पायऱ्यांची खूण दाबली तेव्हा ती पूर्वेकडे, गाभाऱ्याकडे पाहत होती. खाली पोहोचताच तिला समोर भलतीच भिंत दिसली. कारण प्रत्येक चित्र त्याच्या पहिल्या छायाचित्राच्या दिशेने उघडत होते. सभामंडपाचे पहिले छायाचित्र पश्चिमेकडचे, म्हणजे उत्तरेपासून २७० अंशांवरचे होते आणि गाभाऱ्याचे उत्तरेकडचे, म्हणजे ० अंशांचे. पूर्व म्हणजे ९० अंश. सभामंडपाच्या चित्रात पूर्व दिशा ९० वजा २७०, म्हणजे उणे १८०, त्यात ३६० मिळवून १८० अंशांवर सापडते. गाभाऱ्याच्या चित्रात ती ९० अंशांवर आहे. प्रत्येक चित्राची पहिली दिशा लिहून ठेवली आणि ही वजाबाकी केली, की जाताना पूर्वेकडे असलेली नजर पोहोचल्यावरही पूर्वेकडेच राहते. एवढ्या साध्या वजाबाकीअभावी आजी मंदिरात हरवली होती!

राहिला दिशा दाखवण्याचा प्रश्न. पडद्याच्या कोपऱ्यात मंदिराचा लहान आराखडा आणि त्यावर नजरेची दिशा दाखवणारी पंख्याच्या आकाराची खूण ठेवली, की तीन दारांतले कोणते समोर आहे ते कळते. पण दारांना नावे कोणती द्यावी? डोंबिवलीचा माणूस पत्ता सांगताना 'पूर्व' आणि 'पश्चिम' म्हणतो. नकाशा उघडून पाहा. डोंबिवलीहून कल्याणकडे जाणारे रूळ उत्तर-दक्षिण नाहीत. ते बरेचसे पूर्वेकडे आणि थोडेसे उत्तरेकडे जातात. तरीही 'पूर्व' म्हणजे रुळांची कोणती बाजू, याबद्दल कोणाचा गोंधळ होत नाही. माणूस होकायंत्राने नव्हे, तर ओळखीच्या खुणेने वाट काढतो. म्हणून दारावर '२७० अंश' लिहिण्यापेक्षा 'आपण येथून आत आलो' असे लिहिणे अधिक उपयोगाचे.

खरी परीक्षा

मुलांनी पाचही चुका दुरुस्त केल्या. माथ्यावरची छायाचित्रे पुन्हा घेतली. आता परीक्षा घेण्याची रीत ठरवली. पाहणाऱ्याला काहीही सांगायचे नाही, फक्त एक काम द्यायचे: 'गाभाऱ्यात जाऊन परत मुख्य दाराशी या.' बोट किती वेळा उलट दिशेने गेले, किती वेळा खूण चुकली, याची नोंद करायची. आणि मुख्य म्हणजे चूक झाली तर ती पाहणाऱ्याची न धरता चित्राची धरायची. प्रयोगशाळेत उपकरण चुकीचे वाचन देते तेव्हा आपण वाचन घेणाऱ्याला दोष देण्याआधी उपकरण तपासतो, तसेच हे.

आजीने मोबाइल हाती घेतला. या वेळी नातू गप्प बसला. तिने सभामंडपातल्या एका खांबावर बोट ठेवले, तो थोडा सरकवला, थांबली. मग पायऱ्यांची खूण दाबली. गाभारा समोर आला. पिंडीकडे ती बराच वेळ पाहत राहिली. नंतर कोणी न सांगता तिने बोट खाली ओढले आणि नजर वर गेली. भिंती संपल्या आणि आकाशाचा निळा तुकडा पडद्यावर आला.

"हां, हे असंच होतं," ती म्हणाली. आणि मोबाइल नातवाला परत न देता तिने बोट पुन्हा पायऱ्यांकडे वळवले.

करून पाहा

१. आपल्या वर्गाच्या मध्यभागी उभे राहून दर ३० अंशांना एक अशी १२ छायाचित्रे घ्या. ती छापून एका पट्टीवर चिकटवा आणि पट्टीची नळी करा, चित्रे आतल्या बाजूस येतील अशी. नळीत डोकावून पाहा. कोणते जोड जुळत नाहीत? तेथे जवळच्या वस्तू आहेत का?

२. तुमच्या घरच्या मोबाइलच्या पडद्याची रुंदी मोजा. ६० अंशांच्या चौकटीसाठी योग्य अंतर किती येईल? (३० अंशांचा टॅन ०.५७७ घ्या.)

३. बोट उचलताना चित्राचा वेग सेकंदाला ४० अंश आहे. ते आणखी १० अंश फिरून थांबावे असे वाटत असेल तर क्षयकाल किती ठेवाल?

४. एका चित्राचे पहिले छायाचित्र ३०० अंशांच्या दिशेचे आहे. त्या चित्रात दक्षिण दिशा (१८० अंश) किती अंशांवर सापडेल?

५. ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठी चार जागांवरून चौफेर चित्रे घ्यायची आहेत. बाणाच्या खुणा कोठे ठेवाल आणि त्यांना कोणती नावे द्याल, याचा आराखडा काढा. मग तो तलाव कधीही न पाहिलेल्या मित्राला दाखवा आणि तो कोठे अडखळतो ते लिहून ठेवा.